एकाच खोक्यातून आलेल्या चार डिस्क

नवा सर्व्हर उघडला की आत चार डिस्क निघतात आणि पुष्कळदा त्यांच्यावरचे अनुक्रमांक लागोपाठचे असतात. एकाच कारखान्यात, एकाच पाळीत, एकाच यंत्रावरून उतरलेल्या. विकणाऱ्याला त्यात नीटनेटकेपणा दिसतो, घेणाऱ्यालाही. ज्याला त्या जोडायच्या आहेत त्याने मात्र इथेच थबकावं. पुढे तो जी काही रचना करणार आहे, तिचं सगळं गणित एका गृहीतकावर उभं आहे: या चौघींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

हे गणित कागदावर उतरलं ते बर्कलीत. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी १९८७ च्या डिसेंबरात ते कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अहवाल म्हणून मांडलं आणि १९८८ मध्ये सिगमॉडच्या परिषदेत जगापुढे ठेवलं. त्या काळी मोठ्या संगणकांना आयबीएमची ३३८० ही डिस्क लागे. १४ इंची तबकड्या, ७,५०० मेगाबाइट क्षमता, २४ घनफूट जागा आणि ६,६०० वॉट वीज. दुसऱ्या टोकाला पर्सनल कॉम्प्युटरसाठी निघालेली कॉनर कंपनीची साडेतीन इंची डिस्क होती. तिच्यात जेमतेम १०० मेगाबाइट मावत, पण तिला १० वॉट पुरत. तिघांचा प्रश्न साधा होता. एका अवाढव्य डिस्कच्या जागी अशा शंभर लहान जोडल्या तर?

पैसा, जागा, वीज, वेग, सगळीकडे फायदाच दिसत होता. नडत होतं ते आयुष्य. दोन्ही डिस्कची सरासरी ३०,००० तासांची हमी उत्पादक देत. शंभर डिस्क एकत्र केल्या की त्यांतली कुठलीतरी एक जाण्याचा सरासरी काळ ३०,००० भागिले १००, म्हणजे ३०० तास. दोन आठवडेसुद्धा नाहीत. हजार जोडल्या तर ३० तास. संशोधनाच्या लेखात सहसा न सापडणाऱ्या मिश्किलपणाने लेखकांनी नोंदवलं आहे की शंभर डिस्कचा आकडा निराशाजनक म्हणावा, तर हजारांच्या आकड्यासाठी त्याहून वाईट विशेषण शोधावं लागेल. त्या ३०० तासांशी जुळवून कसं घ्यायचं, हा त्या लेखाच्या उरलेल्या पानांचा विषय. लेखकांनीच दिलेलं ‘रेड’ हे नाव त्याला कायमचं चिकटलं.

डिस्कचा वेळ बहुतेक हालचालीत जातो. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीला अर्धी फेरी पुरी करायला चार मिलिसेकंदांहून थोडं जास्त लागतं, शिवाय वाचणारा हात योग्य जागी सरकायला हवा. चार डिस्क असतील तर चार हात हलतात. म्हणून फाइलचे ठरावीक आकाराचे तुकडे पाडायचे. पहिला तुकडा पहिल्या डिस्कवर, दुसरा दुसरीवर, आणि पाचवा पुन्हा पहिलीवर. हे स्ट्राइपिंग. घरातल्या पोथीची सम पानं थोरल्याकडे आणि विषम पानं धाकट्याकडे ठेवावीत तसं हे आहे. दोघं मिळून पारायण निम्म्या वेळात उरकतील. पण धाकट्याच्या घरात वाळवी शिरली, तर थोरल्याकडे अर्धी पोथी उरली असं म्हणायला तोंड धजत नाही. उरतो तो दर पानाला अर्थ तुटणारा गठ्ठा.

या रचनेला रेड शून्य म्हणतात. मूळ लेखात एक ते पाच अशा पातळ्या होत्या, शून्य नंतर व्यवहारातून आलं. जादाचं काहीच राखलेलं नसल्याने तो आकडा त्याला शोभतो. व्हिडिओ संपादनाची तात्पुरती जागा, लांबलचक आकडेमोडीच्या मधल्या फाइल्स, म्हणजे जे गेलं तर पुन्हा करता येईल, अशा कामाला तो उत्तम. हिशेबाच्या सर्व्हरवर तो कोणी लावला असेल, तर त्या माणसाला वेगाची मोजमापं दाखवायची फार हौस आहे एवढंच समजावं.

मिररिंग बर्कलीच्या लेखाहून जुनं आहे. १९७४ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या टँडम कंपनीचा सगळा धंदाच कधी बंद न पडणाऱ्या संगणकांचा होता. बँका आणि शेअर बाजार हे तिचे गिऱ्हाईक, आणि तिच्या यंत्रांमध्ये डिस्क जोडीने चालत. लिहिताना एकच मजकूर दोन्हींवर जायचा, वाचताना जी मोकळी असेल तिच्याकडून घ्यायचा. यात हुशारी फारशी नाही, आणि तीच त्याची ताकद आहे. जोडीतली एक डिस्क मेली तर दुसरी बाहेर काढून दुसऱ्या यंत्राला लावता येते. समीकरणं सोडवून माहिती परत मिळवावी लागत नाही. किंमत मात्र रोख मोजावी लागते. चार-चार टेराबाइटच्या चार डिस्क घेतल्या की हातात आठच टेराबाइट येतात, आणि ‘सोळाचं बिल आहे, आठच कसे दिसतात?’ हा प्रश्न लेखा विभागाकडून आल्याशिवाय राहत नाही.

पॅरिटीवर चालणारं रेड पाच त्यांना बारा टेराबाइट देऊ करतं. तीन डिस्कवर मजकूर आणि एका डिस्कएवढ्या जागेत त्यांची बेरीज. एक गेली तर बेरजेतून उरलेल्या वजा करून ती परत मिळवायची. (खरं तर ही बेरीज हातच्याविना, बिटाबिटाची असते.) बेरजेला जागा कमी लागते, पण दर लहान बदलाला ती पुन्हा करावी लागते. जुना मजकूर वाचा, जुनी बेरीज वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा: एका लेखनाच्या पोटी चार खेपा. मिररमध्ये दोनच. डिस्क मेल्यावर तर फरक आणखी उघडा पडतो. रेड पाचमध्ये उरलेल्या तिन्ही डिस्क, म्हणजे बारा टेराबाइट, पहिल्या बिटापासून शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात. घरगुती वापराच्या अनेक डिस्कच्या माहितीपत्रकात १० च्या १४ व्या घाताएवढ्या बिटांमागे एखादं न वाचता येणारं ठिकाण निघू शकतं असं छापलेलं असतं, आणि तेवढे बिट म्हणजे साडेबारा टेराबाइट. प्रत्यक्षात डिस्क पुष्कळदा या छापील आकड्यापेक्षा बरी वागते. तरी हे दोन आकडे इतके शेजारी-शेजारी आल्यावर ज्याला स्वस्थ झोप लागते, त्याच्या हाती सर्व्हर देऊ नये. मिररमध्ये फक्त जोडीदार डिस्क वाचायची असते: चार टेराबाइट.

वेग आणि सोबत दोन्ही हवं असेल तर दोन्ही युक्त्या एकावर एक रचायच्या. इथे क्रम महत्त्वाचा ठरतो. आठ डिस्क आहेत. आधी चार-चारच्या दोन पट्टेदार रांगा केल्या आणि एकीला दुसरीचा आरसा केलं, तर ते शून्य अधिक एक. आधी दोन-दोनच्या चार जोड्या लावल्या आणि मग जोड्यांवर पट्टे ओढले, तर एक अधिक शून्य, म्हणजे बोलण्यातलं रेड दहा. जागा तेवढीच, वेग जवळपास तेवढाच, खरेदीच्या कागदावर फरक शून्य. आता एक डिस्क जाऊ द्या. पहिल्या रचनेत तिच्यासोबत तिची आख्खी रांग आडवी होते, आणि उरलेल्या सातांपैकी दुसऱ्या रांगेतल्या चौघींतली कुठलीही गेली की खेळ खलास. सातात चार. दुसऱ्या रचनेत धोका फक्त मेलेलीच्या जोडीदाराकडून असतो. सातात एक. एवढी मोठी सुरक्षितता फुकट, केवळ आधी काय आणि नंतर काय यावर मिळावी, असे प्रसंग अभियांत्रिकीत थोडेच. तरीही डिस्क सांभाळणाऱ्या कंट्रोलर कार्डच्या निळ्या पडद्यावर घाईघाईत उलटा क्रम निवडला गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

हे सगळं करणारं यंत्र पूर्वी एक स्वतंत्र कार्ड असे, आणि अजूनही असतं. त्यावर वीज गेली तरी अर्धवट लेखन जपणारी लहानशी बॅटरी असते. पण तेच काम सॉफ्टवेअरनेही होतं. युनिक्सच्या मोठ्या यंत्रांवर अनेक वर्षं त्यासाठी व्हेरिटास व्हॉल्यूम मॅनेजरचा दबदबा होता, आणि त्या कंपनीचं एक मोठं अभियांत्रिकी केंद्र पुण्यात होतं. मिरर, पट्टा, व्हॉल्यूम हे शब्द पुण्यातल्या कित्येक मराठी घरांत त्या नोकरीबरोबर आले आणि जेवणाच्या टेबलावरही बोलले गेले. लिनक्सवर हे काम एमडी नावाचा कर्नलमधला भाग करतो, आणि त्याला हुकूम द्यायचं ‘एमडीएडीएम’ हे साधन ऑस्ट्रेलियातल्या नील ब्राउन यांनी लिहिलं. त्यांच्या रेड दहाची एक गंमत अशी, की ते तीन डिस्कवरही चालतं. जोडी म्हणजे दोन हवेतच, हा आग्रह त्यांनी ठेवला नाही. प्रत्येक तुकडा कुठल्यातरी दोन डिस्कवर असला म्हणजे झालं.

एका ओळीच्या हुकमात अ‍ॅरे, म्हणजे जोडलेल्या डिस्कचा संच, तयार होतो आणि लगेच वापरताही येतो. आतमध्ये मात्र जोडीतल्या दोन्ही डिस्क एकसारख्या करण्याचं काम चालू असतं. चार टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइटने भरत गेली तरी सात तासांच्या वर लागतात. एमडीच्या स्थितीदर्शक फाइलमध्ये प्रत्येक धडधाकट डिस्कसाठी एक यू हे अक्षर असतं. चार डिस्क असतील तर चार यू ओळीने. एखादी गेली की तिच्या जागी अधोरेखा येते. नव्या माणसाचा गोंधळ उडतो तो सहसा पहिल्यांदा यंत्र बंद करून चालू केल्यावर. अ‍ॅरेचं नाव सेटिंगच्या फाइलमध्ये नोंदवायचं राहिलं असेल, तर मोठ्या हौसेने ठेवलेलं ‘एमडी शून्य’ गायब होऊन ‘एमडी १२७’ नावाचं कोणी उगवतं. माहिती शाबूत असते, पण त्या क्षणी ते पटत नाही.

खरी कसोटी अधोरेखा दिसते त्या रात्री लागते. अ‍ॅरे चालूच असतो, वापरणाऱ्यांना पत्ता नसतो, आणि सर्व्हरच्या तोंडावर चार एकसारख्या खाचा असतात. यांतली मेलेली कोणती? कर्नलने दिलेलं नाव आणि खाचेचा क्रम यांचा मेळ असेलच असं नाही. नावं यंत्र सुरू होताना डिस्क ज्या क्रमाने सापडल्या त्यावरून पडतात. जोडीतली मेलेली ठेवून जिवंत उपसण्याचा अपघात या व्यवसायात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून जुनी माणसं सर्व्हर लावतानाच प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक लहानशा चिठ्ठीवर लिहून खाचेच्या बाहेर चिकटवतात. दिसायला गबाळं दिसतं. रात्री दोन वाजता ते काम करतं.

आता त्या लागोपाठच्या अनुक्रमांकांकडे. बर्कलीच्या तिघांनी गृहीतक लपवलं नव्हतं. डिस्क एकमेकींपासून स्वतंत्रपणे बिघडतात असं धरल्याचं त्यांनी लिहिलं, आणि भूकंप किंवा विजेचा झटका यांना ते लागू नाही हेही सांगितलं. त्यांच्या विद्यापीठाखालूनच हेवर्ड भ्रंश जातो, तेव्हा भूकंपाची आठवण त्यांना व्हावी हे ओघानेच आलं. अडचण पुढच्यांनी केली. गृहीतक तळटिपेत राहिलं आणि आकडे जाहिरातीत गेले. २००७ साली उत्पादक दहा लाख, पंधरा लाख तासांचं सरासरी आयुष्य छापत होते. त्याचा अर्थ वर्षाला फार तर ०.८८ टक्के डिस्क बदलाव्या लागाव्यात. त्याच वर्षी बियांका श्रोडर यांच्यासह एका संशोधकाने सुमारे एक लाख डिस्कच्या प्रत्यक्ष नोंदी तपासल्या. हा दुसरा संशोधक होता गार्थ गिब्सन. विद्यार्थी असताना ज्याने ते गृहीतक लिहिलं, तोच कार्नेगी मेलनमध्ये प्राध्यापक झाल्यावर ते तपासायला बसला.

निघालं ते असं. बदलाव्या लागणाऱ्या डिस्कचं प्रमाण वर्षाला दोन ते चार टक्के हे नेहमीचं, काही ठिकाणी तेरा टक्क्यांपर्यंत. सुरुवातीची काही वर्षं डिस्क निर्धास्त चालते आणि म्हातारपणीच थकते, हा समजही टिकला नाही. बदलण्याचं प्रमाण वयाबरोबर पहिल्यापासूनच चढत गेलेलं दिसलं. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बिघाड एकमेकांना चिकटून येत होते. एका मोठ्या समूहात तासाभराच्या आत दुसरी डिस्क जाण्याची शक्यता स्वतंत्र बिघाडांच्या गणितापेक्षा चौपट निघाली. मिररचा सारा भरवसा या दोन बिघाडांमधल्या अंतरावर असतो.

ते अंतर अगदी शून्यावर कसं येतं हे २०१९ च्या नोव्हेंबरात दिसलं. एचपीई कंपनीने आपल्या काही एसएसडींबद्दल तातडीची सूचना काढली: आतल्या फर्मवेअरमधल्या दोषामुळे त्या एकूण ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील, आणि ना डिस्क परत मिळेल ना माहिती. ३२,७६८ म्हणजे दोनचा पंधरावा घात. तीन वर्षं, २७० दिवस आणि आठ तास. एकाच दिवशी बसवलेल्या, एकाच वेळी चालू केलेल्या आठ डिस्कचं रेड दहा डोळ्यांसमोर आणावं. सातात एक आणि सातात चार यांची सगळी चर्चा तिथे निरर्थक ठरते. आठही डिस्कचं घड्याळ एकच वेळ दाखवत असतं. सोबत बसवलेल्या डिस्क जवळपास एकाच वेळी जातील, हे कंपनीनेही सूचनेत म्हटलं होतं. वेळेआधी फर्मवेअर बदलणारे बचावले. पुढच्या मार्चमध्ये ४०,००० तासांवर बंद पडणाऱ्या दुसऱ्या डिस्कची सूचना आली.

एका पेटीत राहिल्याने एकच नशीब वाट्याला येतं, त्याला कारण यंत्रातलंच असावं असंही नाही. २००८ च्या अखेरीस सन कंपनीतले ब्रेंडन ग्रेग डिस्कच्या रांगेसमोर उभे राहून जोरात ओरडले आणि त्याच क्षणी वाचनाला लागणारा वेळ आलेखावर उसळलेला त्यांनी चित्रफितीत दाखवला. ती चित्रफीत लोकांनी हसून पाहिली. २०१६ च्या सप्टेंबरात बुखारेस्टमध्ये आयएनजी बँकेच्या मुख्य डेटा सेंटरात आग विझवण्याच्या यंत्रणेचा सराव झाला. आगच नव्हती, पण दाबाखालचा वायू बाहेर पडतानाचा आवाज इतका प्रचंड होता की तिथल्या कित्येक हार्ड डिस्क निकामी झाल्या, आणि बँकेची कार्डं नि एटीएम सुमारे दहा तास ठप्प राहिली. तिथल्या जोड्यांमधली एक अर्धी आवाजापासून दूर कुठे असणार होती?

आणि घात बाहेरून न येता हुकूम म्हणून आला, तर मिरर तो आज्ञाधारकपणे दोनदा पाळतो. जर्नलस्पेस नावाची, लोकांना रोजनिशी लिहायला जागा देणारी सेवा सहा वर्षं चालून २००९ च्या जानेवारीत बंद झाली, ती याच कारणाने. माहिती दोन डिस्कच्या मिररवर होती आणि बॅकअप म्हणून चालकांचा भरवसा त्या मिररवरच होता. काहीतरी डिस्कवर फिरलं आणि सगळ्या नोंदी पुसून वर दुसरं लिहिलं गेलं. दोन्ही डिस्क ठणठणीत होत्या. माहिती परत काढून देणाऱ्या प्रयोगशाळेने पाहिलं, तर दोन्हींवर सारखंच काही नव्हतं.

१० मार्च २०२१ ला स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच कंपनीची पाच मजली इमारत जळाली, तेव्हा ‘रस्ट’ या खेळाचे युरोपातले २५ सर्व्हर गेले आणि माहिती परत आली नाही. त्या आगीत कोणाच्या अ‍ॅरेची पातळी कुठली होती, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

या मोठ्या घातांपेक्षा एक लहानसा प्रसंग मिररची मर्यादा जास्त नेमकी दाखवतो. दोन्ही डिस्क जिवंत आहेत, दोन्ही यू जागेवर आहेत, पण एका ठिकाणी दोघींवरचा मजकूर जुळत नाही. एखादा बिट कुठेतरी उलटला. डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये महिन्याचा पहिला रविवार लागल्यावर मध्यरात्री १२ वाजून ५७ मिनिटांनी अशी तपासणी आपोआप सुरू व्हायची. सगळा अ‍ॅरे वाचून जुळत नसलेल्या जागांचा आकडा तेवढा नोंदला जाई. खरी कोणती आणि खोटी कोणती, हे सांगायला तिसरा साक्षीदारच नसतो. सन कंपनीने २००५ मध्ये खुली केलेली झेडएफएस ही फाइल व्यवस्था तो साक्षीदार सोबत बाळगते. प्रत्येक तुकड्याची पडताळणी-बेरीज ती दुसरीकडे लिहून ठेवते, म्हणून खोटं बोलणारी डिस्क तिला ओळखता येते आणि दुसरीवरून सुधारताही येते. एमडीचा मिरर तसं करत नाही. आकडा शून्य नाही म्हणून घाबरून जाऊ नये असंही त्याच्या माहितीपुस्तिकेत आहे, कारण स्वॅपच्या जागेत असा फरक निरुपद्रवी कारणांनी पडू शकतो. दुरुस्तीचा हुकूम दिलाच, तर तो एका डिस्कवरचा तुकडा उचलून बाकीच्यांवर लिहितो. ती प्रत बरोबर होती का, याची चौकशी न करता. मग पुढच्या तपासणीत आकडा शून्य येतो.